कठड्याचे पाय

संगणकावर जिन्याच्या कठड्याची नक्षी काढत होतो. एक वेल काढली, तिचीच उलटी प्रत जोडली आणि बघता बघता सगळा जिना वेलींनी भरून गेला. मी खूश. तो कठडा घडवणारे लोहार सलीमचाचा मात्र पडद्याकडे संशयाने बघत राहिले.

“साहेब, याचे पाय कुठायत?”

मी चित्र फिरवलं. अख्खा कठडा पायऱ्यांच्या बोटभर वर तरंगत होता. दोन दिवस मला पत्ताच नव्हता, कारण पडद्यावर काही पडतच नाही.

तेव्हापासून फार सुबक काही दिसलं की मला धास्तीच वाटते. काल एका नव्या इमारतीत असाच देखणा कठडा दिसला. टेकण्याआधी मी तो गदागदा हलवून बघितला. शेजारच्या बाईंनी त्यावरचा आपला हात हळूच काढून घेतला.