एप्सिलॉन वादळ आणि खमीससाहेबांचं मशीन

"डिसेंबर में हरिकेन?" खमीससाहेबांनी माझ्या ईमेलचा प्रिंट टेबलावर आपटला. "पिछले हफ्ते डेल्टा बोला. आज एप्सिलॉन. ये सब मेरी बेटी की मॅथ्स की किताब में है!"

ही २००५ची गोष्ट. मस्कतच्या एका शिपिंग एजन्सीत मी ऑपरेशन्स बघायचो. कुणाचा माल कुठल्या बोटीवर आहे आणि तो कधी पोचेल, हे सांगणं माझं काम. त्या तारखेला आम्ही ईटीए म्हणतो, म्हणजे पोचण्याची अंदाजे तारीख. यातलं 'अंदाजे' क्लायंटला कधी ऐकू जात नाही.

खमीससाहेबांची मस्कतजवळच्या बरका गावात खजूर पॅकिंगची फॅक्टरी होती. त्यांचं नवं मशीन अमेरिकेहून निघालं होतं. माझ्या ईटीएवर भरवसा ठेवून त्यांनी उद्घाटनाचा गुरुवार ठरवला, पत्रिका छापल्या, एका बड्या अधिकाऱ्याला बोलावलं.

अटलांटिकमधल्या वादळांचा सीझन नोव्हेंबरअखेर संपतो. पण वादळांना हे कुणी कळवलं नव्हतं. त्या वर्षी इतकी वादळं झाली, की ठरवलेली नावंच संपली. मग ग्रीक अक्षरं सुरू झाली. डेल्टामुळे कॅप्टनने वेग कमी केला होता. आता एप्सिलॉन टाळायला तो लांबून वळसा घालत होता.

हे सगळं मी खमीससाहेबांना नकाशा काढून समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "इसके बाद कौन सा अक्षर आता है?"

"झीटा," मी प्रामाणिकपणे सांगितलं. तिथेच चुकलं.

आमचे मॅनेजर कादिरभाई दापोलीचे. ते मला केबिनमध्ये घेऊन गेले. "अरे, पुढच्या वादळाचं नाव कशाला सांगितलंस? त्याला वाटतंय आपण सबबींची यादी करून ठेवली आहे!"

रोज हवामानाचा अंदाज यायचा : उद्या एप्सिलॉनचा जोर ओसरेल. रोज मी तसं कळवायचो. रोज ते तसंच घोंघावत असायचं. पाचव्या दिवशी कादिरभाईंनी माझा फोनच काढून घेतला.

बोट गुरुवारपर्यंत येणार नाही हे पक्कं झालं, तेव्हा खमीससाहेब खुर्चीत बसूनच राहिले. "मेरी सारी बिरादरी आनेवाली है," एवढंच पुटपुटले. मला खरंच वाईट वाटलं. कादिरभाईंनी त्यांना आखाती रिवाजाने 'अर्बाब', म्हणजे मालक, अशी हाक मारून विचारलं, "अर्बाब, मशीन का साइज बोलो."

सुताराने प्लायवूडचा खोका केला. त्याला रंग दिला, एक हिरवं बटण बसवलं. आत पॅकिंगचे दोन कामगार बसले. गुरुवारी त्या बड्या पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं. फटीतून खजुराचं पाकीट बाहेर आलं. मग दुसरं. मी घामाने निथळत होतो.

"माशाल्ला! आवाज बिलकुल नहीं," पाहुणे कौतुकाने म्हणाले.

"अमेरिकन है," खमीससाहेब म्हणाले. तेवढ्यात मशीन शिंकलं. कादिरभाईंनी लगेच जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळा मांडव त्यात सामील झाला.

खरं मशीन नऊ दिवसांनी आलं. ते इतकं खडखडायचं, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. तरी खमीससाहेब आमचे क्लायंट राहिले.

पुढे मी बरीच वर्षं ईटीए देत राहिलो. पण वादळाचं नाव पुन्हा कुणाला सांगितलं नाही. "समुद्र खवळलाय, इन्शाल्ला येईल," एवढंच म्हणायचो. लोक लगेच विश्वास ठेवायचे.