काचेच्या खोलीतले तिघे

धर्माजींचं निम्मं आयुष्य माथेरानला दुसऱ्याच्या घोड्यांबरोबर चालण्यात गेलं. दस्तुरी नाक्यावर पाहुण्याला खोगिरावर बसवायचं, लगाम धरून बाजारापर्यंत चालायचं, पुन्हा खाली यायचं. गुडघे गेले तेव्हा मालकाने आता घरी बसा म्हणून सांगितलं. पण घरी बसून भागणार नव्हतं. भिवपुरीकडच्या आपल्या गावाहून ते चौक गावाच्या पुढे आमच्या रिसॉर्टवर येऊ लागले. तिथला कारभार मी पाहतो. जनावरं सांभाळायची आहेत एवढंच त्यांना सांगितलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी ते घरून घोड्याचं अंग घासायचा खरारा घेऊन आले.

जनावरं निघाली तीन आणि तिन्ही परदेशी. आमच्या जगदीशशेठनी हौसेने आणलेली. एक लांब शेपटीचा हिरवा इग्वाना, एक कासव आणि गळ्याला दाढीसारखे काटे असलेला वाळवंटातला सरडा. त्याचं नाव बिअर्डेड ड्रॅगन, पण आमच्याकडे सगळे त्याला दाढीवाला म्हणत. तिघांना तीन खोल्यांत तीन काचेच्या पेट्या होत्या.

"अण्णा, घोडा निदान कान तरी हलवतो," धर्माजी मला म्हणाले. "ह्यांच्या तोंडावरनं कायच कळत नाय. खूश हाय का रुसलाय?"

तरी खरारा घरी ठेवून ते कामाला लागले. इग्वानाला पाला, सकाळ-संध्याकाळ अंगावर पाण्याचा फवारा. दाढीवाल्याला कोरडी रेती आणि झुरळं. झुरळं पाळावी लागतात हे ऐकून त्यांच्या बायकोने, विठाबाईंनी, त्यांचा डबा महिनाभर दोन फडक्यांत बांधला.

थंडीत दाढीवाल्याने खाणं जवळजवळ सोडलं. धर्माजींनी तबेल्यातली रीत काढली. नवं घोडं एकटं बांधायचं नाही. जुन्या घोडीशेजारी बांधलं की दोन-चार दिवस लाथा झाडतं, मग तिच्या जोडीने तोबऱ्यात तोंड घालतं.

"एकटं पडलंय ते. तिघांना एकत्र ठेवा, बघा कसं खातंय."

शेठना ते फार आवडलं. पाहुण्यांना तिघं एकाच जागी बघायला मिळणार, दिवे आणि हीटरही एकाच खोलीत. पूर्वी जिथे ऑर्किड होती ती मोठी काचेची खोली रिकामी होती. तिघांना तिथे सोडलं.

कुणी लाथ मारली नाही, कुणी चावलं नाही, आवाजसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी इग्वाना दिव्याखालच्या फांदीवर दाढीवाल्याच्या पाठीवर पोट टाकून पडलेला दिसला. पाहुणे फोन काढून उभे. "किती प्रेम आहे बघा!" दाढीवाला मधूनच पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवायचा. धर्माजी हसून त्याला हात करायचे. "जयभीम, जयभीम! अण्णा, बघा, मला जयभीम घालतोय."

पण खाणं काही सुरू झालं नाही. पुढे त्याचा रंग काळवंडला, तो तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला. धर्माजींनी माझा पिच्छा पुरवला तेव्हा मी पनवेलहून जनावरांच्या डॉक्टर सोनालींना बोलावलं. त्यांनी त्याला हातात घेऊन छाती तपासली आणि मग खोलीतला दिवा, फांदी, ओल्या भिंती पाहिल्या.

"ह्याला कोरडं लागतं, त्या इग्वानाला दमट. तुम्ही ह्याला फवाऱ्यात ठेवलंय. छाती भरली आहे."

"पण डॉक्टरीण बाई," धर्माजी म्हणाले, "जमलं होतं त्यांचं. अंगावर अंग टाकून पडायचे."

"उबेची जागा एकच आहे. मोठा ती धरतो, लहान खाली दबतो. थंडीत ह्यांची भूक अशीही मंदावते. एकटेपणाचा काही संबंध नाही."

"आन् हात करतो ते?"

"ते, मी लहान आहे, मला मारू नको, असं सांगणं असतं."

डॉक्टर गेल्यावर धर्माजी काचेला पाठ टेकून खाली बसले.

"आमी जयभीम कुणाला भिऊन घालत नाय, अण्णा. मला तरी कळायला पायजे होतं."

मी शेठना फोन केला. ते म्हणाले, शनिवार-रविवार पाहुणे भरलेत, सोमवारी बघू. हे मी धर्माजींना सांगितलं. ते उठले, दाढीवाल्याला टॉवेलात गुंडाळून बाहेर काढलं आणि जुनी पेटी पुसायला घेतली.

शनिवारी शेठ स्वतः आले. "धर्माजी, त्याला आत ठेव. नाहीतर घरी जा."

"घरी जातो, शेठ. पर तो आत जायचा नाय. मीच घातला होता त्याला तिथं."

"मोठा आला डॉक्टर!" शेठनी मोठ्याने माळ्याला हाक मारली. "रोहिदास, उचल रं तो सरडा!"

रोहिदासने दारातून पाहिलं. "मी नाय बा. त्या हिरव्यानं शेपटी हाणली तर? ज्याचा हाय त्यालाच सांगा."

वाढप्यांनीही माना फिरवल्या. धर्माजी गेले तर इग्वानाच्या खोलीत पाऊल टाकणारं कुणी उरत नव्हतं. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी तेवढंच सांगितलं. पाय आपटत ते गाडीकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "करा काय करायचं ते. हाताखाली दुसरा माणूस मिळणार नाही."

धर्माजींनी मग तिघांनाही वेगळं केलं. दाढीवाल्याला औषध रोज चिमट्याने तोंड उघडून द्यावं लागायचं. तो बरा होईल असं डॉक्टर कधी म्हणाल्या नाहीत. उन्हाळा लागता लागता त्याने चिमट्यातलं एक झुरळ आपणहून ओढून घेतलं. मी अभिनंदन केलं तर धर्माजी म्हणाले, "व्हय, खाल्लं," आणि गुडघा चोळत बसले. आता पुन्हा तीन खोल्या, तीन पाणी, तीन साफसफाया. पगार तोच.

परवा एक पाहुण्या बाई पेटीसमोर थांबल्या. "बिचारे! एकेकटे का ठेवलेत? कंटाळत असतील ना?"

"नाय ताई," धर्माजी म्हणाले. "एकटंच बरं वाटतं त्यांना."

बाईंना ते पटलं नाही. धर्माजी बादली उचलून कासवाच्या खोलीकडे गेले.