वरच्या मजल्याच्या सळया

आमच्या मुलीने 'आधुनिक ग्रीक अभ्यास' हा विषय घेतला तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की जुने ग्रीक संपून नवे कधी सुरू झाले? प्रश्न माझाच होता. तिने इंग्रजीत उत्तर दिलं आणि मी सगळं कळल्यासारखी मान हलवली. या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

पुढे तिच्या अथेन्सच्या प्राध्यापकांनी आम्ही राहतो त्या मस्कतमध्येच परिसंवाद भरवायचं ठरवलं आणि त्यात ती निबंध वाचणार असं कळलं. मी आमच्या हमरिया भागातल्या किराणावाल्यापासून कंपनीच्या अर्बाबपर्यंत, म्हणजे अरब मालकापर्यंत, सगळ्यांना सांगून मोकळा झालो. निबंधाचा गोषवारा तिने मला आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. न वाचताच मी उत्तरादाखल अंगठा पाठवला होता.

त्या दिवशी लग्नात घालायचा कोट चढवला. बायको म्हणाली, "अहो, या उकाड्यात कोट?"

"ग्रीक लोक येणारेत."

"ते हाफ शर्टात येतील, बघा." आलेच.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मुलगी बोलायला उभी राहिली आणि पडद्यावर ग्रीसमधल्या खेड्यातलं एक घर आलं. खालचा मजला रंगवून तयार. गच्चीवर मात्र कॉलमच्या सळया आभाळात उभ्या, आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या. ती सांगत होती, की जर्मनीत कामाला गेलेले बाप गावी असं घर बांधायचे आणि वरचा मजला मुलांसाठी म्हणून सळया सोडून ठेवायचे.

मी बायकोला कोपराने ढोसलं. "बघ, शहाणी माणसं जगात सगळीकडे असतात."

पुढचं चित्र आमच्या घराचं होतं.

गुहागरजवळचं आमचं घर. माझी गच्ची, माझ्या सळया, आणि दर मे महिन्यात रजेवर गेलो की मी स्वतः बदलतो त्या बाटल्या. एका कोपऱ्यात लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढून, हातात बाटली घेतलेला मी. सभागृह हसलं. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला तोवर अभिमानच वाटत होता.

मग मागून कोणीतरी विचारलं, "आणि तुमचा मजला कधी होणार?"

"तो होणार नाही," मुलगी उत्तराच्या भरात बोलून गेली. "मी तिथे राहायला जाणारच नाही. वडिलांना मी हे अजून..."

आणि तिची नजर माझ्यावर पडली.

इथे ओमानात, रुस्ताकच्या बांधकामाच्या साइटवर उन्हात उभं राहून मी त्या मजल्याच्या खिडक्या ठरवत आलो होतो. समुद्राकडची खोली तिची, हे तर कधीच ठरलं होतं. आता मला फक्त एसीची घरघर ऐकू येत होती. कपाळ पुसायला मी हात वर केला, तो प्रश्न विचारायला आहे असं समजून कोणीतरी माइक आणून दिला. माइक हातात आला की काहीतरी बोलावं लागतं.

"सळया कापल्या," मी इंग्रजीत विचारलं, "तर स्लॅब गळतो का?"

कोणी हसलं नाही. अध्यक्ष असलेल्या वयस्कर ग्रीक बाई म्हणाल्या, "कापून वरून नीट बुजवलं तर नाही गळत. माझ्या वडिलांनी कापल्या नाहीत. गंज आत उतरला. आम्ही अजून खाली बादल्या ठेवतो."

चहाच्या सुट्टीत मुलगी धावत आली. "बाबा, सॉरी. मी किती वेळा ट्राय केलं. मराठीत कसं सांगायचं ते येत नव्हतं."

"मग इंग्रजीत सांगायचंस."

"इंग्रजीत तुम्ही मान हलवता."

ती रडायला लागली. बायको मला म्हणाली, "अहो, काहीतरी बोला."

"रागावलो नाहीये गं," मी म्हणालो. "हादरलोय. जरा वेळ दे."

त्या शुक्रवारी मी गावच्या गवंड्याला फोन लावला. घराच्या पायापासून सगळं काम त्याच्याच हातचं.

"वरच्या सळया कापायच्या आहेत."

"भाऊ, तो तर पोरीचा मजला. तिला विचारलंत का?"

"तिनेच सांगितलं."

"तोंडावर?"

"माइकवर."

 तो म्हणाला, "कापतो. पण तुम्ही या. तुम्ही समोर उभे असल्याशिवाय मी नाही हात लावणार."