रिंगच्या खालून ऐकलेली तुफानं

थळच्या खत कारखान्याची धुराडी पाठीवर घेऊन कोळीवाड्याकडे उतरलं, की समुद्राच्या आधी नारळाच्या झापांची एक पडवी लागते. चाळीस वर्षं त्या पडवीत होड्या बांधल्या गेल्या. आता फायबरच्या होड्या तयार होऊनच येतात, आणि पडवीत एक पालथी जुनी होडी, तिच्या सावलीत दोन कोंबड्या आणि अनंता सुतार, एवढेच असतात. अनंता अठ्ठावन्न वर्षांचा. अंगाने काटक, बोलायला कमी, विचारायला जास्त. नवं लाकूड दिसलं की तो आधी बोटाच्या पेराने त्यावर ठोकतो आणि मग कान टेकवतो. लाकूड काय म्हणालं असं विचारलं तर सांगतो, "अजून ओलं हाय. उद्या बोलंल."

या माणसाने उरणच्या एका कुस्ती कंपनीचे सहा मोठे खेळ गाठले आणि त्यातला फक्त एक डोळ्यांनी पाहिला. बाकीचे त्याने ऐकले.

ही कुस्ती तांबड्या मातीतली नव्हे. उरणच्या हर्षदच्या घरचं मिठागर बंदरात गेलं आणि दारात कंटेनरचे ट्रेलर आले. लहानपणापासून टीव्हीवर परदेशी कुस्त्या बघून डोकं फिरलेला हा माणूस. त्याने 'दर्या रेसलिंग' काढलं. चौकोनी रिंग, तीन दोर, भडक कपडे, आणि कोण जिंकणार ते आधी ठरलेलं. वर्षभर बारीकसारीक खेळ होत, पण गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांत मोठा खेळ. त्याचं नाव 'तुफान'. तो मोबाईलवरही दिसे, मात्र पैसे भरल्यावरच. जहाजांवर असलेली आमची पोरं भरत, आखातातले वेल्डर भरत. गावात एकजण भरी आणि पंधराजण त्याच्या खांद्यावरून बघत.

पहिलं तुफान २०१८ सालचं. रिंग म्हणजे मांडववाल्याचं स्टेज आणि त्यावर गाद्या. दोन फळ्यांच्या फटीत एका पैलवानाचा हात अडकून खांदा निखळला. प्रेक्षकांत अनंताची मुलगी प्रणाली होती. ती थळच्या कबड्डी संघाची चढाईची खेळाडू, वय एकोणीस. खेळ संपल्यावर ती सरळ हर्षदसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मला घ्या. आणि रिंग माझ्या बाबाकडून बांधून घ्या. तो होड्या बांधतो."

"होडी आणि रिंगचा काय संबंध?" हर्षद म्हणाला.

"माणसं दोन्हीवर आपटतात," प्रणाली म्हणाली.

अनंताला त्या वर्षी एकाही होडीचं काम नव्हतं. त्याने मापं बघितली आणि तो हसला. "हे तर सोपं. याला पाण्यात न्यायचं न्हाय."

त्याने जीव ओतून रिंग बांधली. चार कोपऱ्यांना जुन्या होड्यांच्या डोलकाठ्या कापून खांब केले. सागाच्या फळ्या अशा जुळवल्या की नख शिरणार नाही. आणि मग, आयुष्यभर जे केलं तेच त्याने केलं. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला आणि वरून राळ ओतली. वर जाजम, जाजमावर ताणलेलं कापड. दुसऱ्या तुफानाला तो पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसला.

पहिला पैलवान पाठीवर पडला आणि काहीच ऐकू आलं नाही. चटईवर उशी पडावी तसा आवाज. लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पडला का झोपला?" पडणाऱ्याला मात्र ती फळी दगडासारखी लागत होती. वर्षभर शिकून तयार झालेली प्रणाली त्या दिवशी पहिल्यांदा उतरली, चार वेळा आपटली, हसत बाहेर आली आणि पुढचे आठ दिवस तिला घरात खाली बसता येईना.

अनंताची बायको केसर मासळी विकते. तिची जीभ सुरीहून धारदार. तिने त्याला जेवायला वाढता वाढता विचारलं, "रिंग बांधलीस का होडी?"

"पाणी शिरलं असतं का एक थेंब तरी?" अनंता पुटपुटला.

"पाणी कशाला शिरंल? त्याच्यावर पोरगी पडनार हाय, पापलेटं न्हाय ठेवायची!"

ते वाक्य अनंताला लागलं. होडीची फळी हलली तर माणूस बुडतो. रिंगची फळी हलली नाही तर माणूस मोडतो. हे त्याच्या हातांना नवीन होतं. पुढच्या वर्षी खुर्च्या सांगून झाल्या आणि साथ आली. तुफान रद्द झालं. जूनमध्ये मात्र खरंखुरं वादळ आलं, निसर्ग नावाचं. आमच्या वाड्यांतल्या पोफळी काड्यांसारख्या पडल्या. सुपारीचं ते उंच, सडपातळ झाड, सगळे त्याच्याकडे बघून रडत होते. अनंताही रडला, पण रडता रडता त्याने पडलेल्या पोफळीवर पाय देऊन बघितला. ती वाकली आणि पाय वर उचलून परत आली. त्याने पुन्हा पाय दिला. संध्याकाळपर्यंत तो वाडीभर पोफळींवर पाय देत फिरत होता.

पोफळ उभी चिरून त्याने तिच्या लांब रिपा काढल्या, सुकवल्या, आणि रिंगच्या खाली चार बोटं अंतर सोडून आडव्या बसवल्या. वर पातळ प्लायवूड. कापूस नाही, राळ नाही. केसर त्यावर चढून एकदा धपकन बसली आणि दचकून म्हणाली, "बाय गं, हा तर ढोल!"

तिसरं तुफान पाडव्याची वाट न बघता २०२१ च्या जानेवारीतच, एका रिकाम्या गोदामात, प्रेक्षकांशिवाय झालं. समोर फक्त कॅमेरे. खेळ सुरू व्हायच्या आधी एक बोल्ट आवळायला अनंता रिंगच्या कडेचं कापड उचलून खाली शिरला आणि वर घंटा वाजली. आता बाहेर यावं तर कॅमेऱ्यात दिसणार. तो तिथेच मांडी घालून बसला, अंधारात, डोक्यावर वीतभर अंतरावर पोफळीच्या रिपा.

तिथे त्याला जे सापडलं ते खुर्चीवरच्या कोणाला सापडलं नसतं. सुजित नावाचा ट्रेलर ड्रायव्हर पडला, की मिठाची गोणी टाकल्यासारखा एकच जाड आवाज. उरणची अमिषा पडताना आधी एक तळहात आपटते, मग पाठ. आणि प्रणाली? दोन खांदे, दोन तळवे एकदम, टाचा शेवटी, अगदी हलक्या. गावात म्हणत, ही नाटकी कुस्ती, सगळं खोटं. खाली बसलेल्या अनंताला कळलं की जिंकणं ठरलेलं असतं, पडणं ठरवून होत नाही. फळी दर वेळी खरीच खाली येते.

जहाजावरच्या एकाने त्या दिवशी कंपनीला लिहून पाठवलं की आपटण्याचा आवाज मशीनवर मागून घातलेला दिसतो. अनंताचा त्या न पाहिलेल्या माणसावर अजून राग आहे.

तेव्हापासून चौथं, पाचवं, सहावं तुफान त्याने खालूनच ऐकलं. चौथ्यात दोघांच्या मनगटांना साखळी बांधून पाऊण तासाची कुस्ती झाली. पाचव्यात सुजितने विजेतेपदाचा पट्टा गमावला आणि बाया रडल्या. सहाव्याला तीन हजार माणूस होता. लोक अनंताला या सगळ्याबद्दल विचारत, आणि तो सांगे, "सुजितचा डावा गुडघा दुखतो. तीन महिने झाले असतील." आणि ते खरं निघे.

एकच गोष्ट त्याला खालून कळत नव्हती. प्रणाली दोरावर चढे, उडी घेई. दोर सुटल्याचा टणत्कार येई. मग काहीच नाही. मग धाड.

"त्या मधी काय असतं गो?" त्याने तिला एकदा विचारलं.

"कशाच्या मध्ये?"

"दोर सुटतो आनि तू फळीवर येतेस, त्याच्या मधी."

"हवा असते, बाबा."

"ती मला पन ठाव हाय."

"मग एकदा वर येऊन खुर्चीवर बस ना. बघ आपल्या डोळ्यांनी."

"आनि खाली कोन ऐकंल?"

सातव्या तुफानाच्या महिनाभर आधी प्रणालीने घरी सांगितलं, की शेवटच्या कुस्तीत ती दोरावरून नाही, थेट कोपऱ्यातल्या खांबाच्या टोकावरून उडी घेणार. खाली अमिषा पाठीवर पडलेली असेल. केसरने सुरी खाली ठेवली. नवऱ्याकडे बघितलं. अनंता म्हणाला, "सगळ्या रिपा ठोकून बघीन. एक एक."

रिंग उरणला हर्षदच्या यार्डात, खाडीच्या दमट हवेत वर्षभर पडून असते. आदल्या दिवशी हर्षदच्या माणसांनी ती गोदामात उभी केली. अनंता रविवारी दुपारी रेवसला जाऊन खाडीपलीकडच्या करंज्याच्या लाँचमध्ये बसला. दुपारची ओहोटी, खाडीत गाळ. लाँच मध्येच रुतली. जन्म समुद्राकाठी गेलेला माणूस दीड तास गाळात उभ्या लाँचमध्ये बसून पाण्याला शिव्या देत होता. तो पोचला तेव्हा दारं उघडली होती, माणसं आत येत होती. तीन बाजूंच्या रिपा त्याने ठोकल्या. चौथी बाजू राहिली. घंटा झाली.

शेवटून दुसरी कुस्ती. सुजित चौथ्या बाजूच्या कोपऱ्याजवळ पडला. मिठाच्या गोणीचा आवाज आला, पण फुटका. अनंताने बॅटरी लावली. रीप मधोमध चिरली होती. बोट लावलं तर पिठासारखा भुसा गळला. आतून भुंग्याने खाल्लेली. शेजारची ठोकली, तीही पोकळ. त्याने त्या दोन्ही रिपांखाली स्वतःची पाठ लावली आणि सुजितची कुस्ती तशीच तोलून धरली.

पण खांबावरून येणारी प्रणाली पाठीने तोलता येणार नव्हती. शेवटची कुस्ती सुरू झाली. अनंता कापडाच्या कडेला तोंड लावून पंच हिरामणला हाका मारू लागला. वर भोंगे, शिट्ट्या, तीन हजार गळे. हिरामण पलीकडच्या बाजूला. आणि मग अनंताच्या डोक्यावर अमिषाची पाठ पडली, नेमकी त्या कोपऱ्यात, आणि उठली नाही. प्रणालीच्या टाचा खांबाकडे निघाल्या. बाहेर जाऊन ओरडलं तरी त्या आवाजात तिला ऐकू जाणार नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. प्रणाली सहा-सात वर्षांची असताना पडवीत होडीच्या पोटात बसत असे. बाहेरून बाप फळीवर ठोके, आणि आतून तिने नेमक्या त्या जागी तळहात टेकवून "हां!" म्हणायचं. मग तिथे खिळा. तीन ठोके म्हणजे, हात इथे आण. कित्येक होड्यांचे खिळे त्या दोघांनी एकमेकांना न बघता असे बसवले असतील.

अनंता पोटावर सरपटत समोरच्या कोपऱ्यात गेला. तिथल्या रिपा ठणठणीत होत्या. त्याने लाकडी हातोडी उचलली आणि त्या बाजूच्या खांबाच्या बुंध्यावर तीन ठोके दिले. थांबला. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

माणसांच्या गोंगाटात ते कोणाला ऐकू जाणार? पण लाकूड लाकडाला सांगतं. पलीकडच्या खांबावर चढलेल्या प्रणालीच्या तळव्यांना ते कळलं.

वर काय झालं ते अमिषाने नंतर सगळ्या उरणला सांगितलं. "ही बया वर चढली, आणि खाली उतरली! मी डोळे मिटून पडलेली. हिने माझा पाय धरला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे फरफटत न्यायला लागली. मी हळूच विचारलं, काय झालं गं? तर म्हणते, बाबा ठोकतोय. म्हटलं, आता हिला लागलं डोक्याला!" लोकांना वाटलं हाच डाव आहे. ते वेड्यासारखे ओरडत होते.

खाली अनंताने घसटण्याचा आवाज ऐकला, आणि हातोडी खाली ठेवली. टाचा त्याच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढल्या. खांब किंचित कुरकुरला. मग काहीच नाही.

ते काहीच नाही त्या दिवशी फार लांबलं.

मग दोन गुडघे, दोन तळवे, खाली अमिषाची पाठ. पोफळी त्याच्या केसांना लागतील इतक्या खाली आल्या आणि सगळ्या एकदम वर गेल्या. मोठ्या ढोलासारखा आवाज गोदामभर फिरला. हिरामणचा पंजा फळीवर पडला. एक. दोन. तीन.

दुसऱ्या दिवशी थळच्या पडवीत केसरने पैसे भरून तोच खेळ पुन्हा लावला, कारण कंपनी स्वतःच्या सुतारालाही फुकट दाखवत नाही. मोबाईल पालथ्या होडीवर टेकवला. अनंता खाली बसला. प्रणाली मागे उभी राहून चहा पीत होती.

खांबावरून तिने उडी घेतली तिथे त्याने बोट ठेवून चित्र थांबवलं. चार वर्षं ज्याच्याबद्दल विचारत होता ते समोर होतं. मुलगी हवेत, हात पसरलेले, केस मागे. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं.

"तुझे डोळे मिटलेले हायत गो."

"हं."

"खाली बघत न्हायस तू? कुठं पडायचं ते?"

"तू ठोकलं होतंस ना," प्रणाली म्हणाली. "मग बघायचं काय?"

अनंताने बोट लावून चित्र पुढे सोडलं. मग केसर म्हणाली, "पुढच्या साली हर्षद तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो म्हनतोय."

"ठेवू दे," अनंता म्हणाला. त्याने उरणहून आणलेली ती भुंग्याने खाल्लेली रीप उचलली, पेराने ठोकली, कान लावला. "त्या खुर्चीवर तू बस."