अण्णांचं रविवारचं काम

आमच्या धाड गावच्या स्टँडवर एसटी लागली तरी अण्णा चढेनात. आई गेली होती, मळा चुलतभावाला बटाईनं दिला होता आणि घराला कुलूप घालून मी वडिलांना माझ्याकडे बंगळुरूला घेऊन निघालो होतो. "वांग्यावर फवारा मारा लागते, परवा निघू," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी कंडक्टर वैतागला आणि मी त्यांना दंडाला धरून वर चढवलं.

गावाकडच्या गल्लीतले तुम्ही सगळे फोनवर विचारता, अण्णा रमले का? मी आपलं 'मजेत आहेत' म्हणून ठोकून देतो. आज खरं काय ते लिहितो.

आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. भाजी ॲपवरून येते, दूध दाराला पिशवीत लटकलेलं असतं. खाली झाडं आहेत, पण अण्णांनी खुरपं मागितलं की सोसायटीचा माळी हात जोडतो. बसून बसून माणूस आंबून गेला. "मले काही काम सांग बापू," सकाळी उठल्या उठल्या हेच. आता काम आणू कुठून?

हातानं करायचं एकच काम या घरात होतं, तेही माझ्या हौसेपायी. इथे आल्यावर मला कॉफीचं वेड लागलं. ऑफिसातला एक मित्र त्याच्या गावाहून कच्च्या बिया आणून देतो, त्या मी घरीच भाजतो. चमचे ठेवायचे भोकाभोकांचे दोन स्टीलचे डबे तोंडाला तोंड लावून जोडले, मधून सळई घातली, सळईला हँडल, झाला ड्रम. बाल्कनीत गॅसवर धरून फिरवत राहायचं. हात थांबला की बिया एका अंगानं जळतात.

अण्णांनी ते बघितलं, मला बाजूला सारलं आणि हँडल धरलं. "शेंगा भाजाव्या तसंच तं हाये!" बिया तडतडायला लागल्या की कान देऊन ऐकायचे. कॉफीचा मात्र एक घोट घेऊन तोंड वाकडं, "एवढं राबून कडूच?" पण सोमवारपासून रविवारची वाट बघायचे. रविवारी आंघोळ करून, टोपी घालून बाल्कनीत हजर, मळ्यावर निघाल्यासारखे. त्यांना काम पुरावं म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही बिया भाजायला घेऊ लागलो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण जाणार नाही. एका रविवारी हँडल मध्येच अडलं. मी पुढे झालो तर "राहू दे" म्हणाले, आणि डाव्या हातानं उजवा हात धरून ओढू लागले. बाल्कनी धुरानं भरली तेव्हा मी गॅस बंद केला. बिया परातीत ओतल्या, अर्ध्या काळ्या, अर्ध्या कच्च्या. अण्णा त्या निवडत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "मोटार लावून घे. माह्याच्यानं आता होत नाही."

मी पुष्कळ टाळलं. पण ते रोज विचारायचे, म्हणून लावली. आता ड्रम आपोआप फिरतो. अण्णा अजूनही रविवारी टोपी घालून येतात, स्टुलावर बसून नुसते बघतात. मला ते बघवत नाही आणि तिथून उठताही येत नाही.

तुम्ही म्हणता, गावी आणून सोड. पण तिथे त्यांना ताट वाढून देणार कोण? आणि नोकरी, पोरांची शाळा सोडून मी तरी कसा येऊ?

परवा अण्णांनी विचारलं, "बापू, घरी कधी जाचं?"

"अण्णा, घरच तं हाये हे."

त्यांनी एकदा सगळ्या खोलीभर नजर फिरवली आणि माझी समजूत काढावी तसे मान डोलवून म्हणाले, "हाव. तुह्यं हाये."