हात वर करते हं

मावशींना वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की त्या आधी मोठ्यानं सांगायच्या, "हात वर करतीया बरं का, पोरांनो. डबा काढायचाय." मग सावकाश हात वर जायचा. सोलापूरच्या एका गिरणीच्या पाळणाघरात आम्ही पोरं त्यांच्या हवाली असायचो. आमच्या आया आत गिरणीत कामावर. मावशी पोरांची परवानगी मागतात, म्हणून बायका हसायच्या. मावशींनी कधी खुलासा केला नाही.

दुसरी खोड म्हणजे भोकाड पसरणाऱ्या पोराचं त्यांना भारी कौतुक. त्याच्या हातावर लगेच गुळाचा खडा. पोरं लाडावतील म्हणून आया कुरकुरायच्या. "रडतंय म्हंजी कुणीतरी यील असं त्येला वाटतंय," मावशी म्हणायच्या. "लाडावू द्या की."

मला तो गूळ कधी मिळायचा नाही. मी पाच वर्षांची. घरात पीठ संपलं की वडिलांचा हात सुटायचा; आधी आईवर, मग माझ्यावर. रडलं की आणखी बसतो, एवढं मला कळून चुकलं होतं. बायका म्हणायच्या, काय गुणाची पोर, बसवलं तिथं बसते. मावशी एकदा आईला म्हणाल्या, "गुणाची न्हाय बाई. भ्यालीया ती." आईनं पदर गालावर ओढून घेतला.

एका दुपारी माझ्या हातून पाण्याचा माठ फुटला. मी कोपऱ्यात जाऊन डोक्यावर दोन्ही हात धरून बसले. मावशी आल्या, ओल्या फरशीवर समोर बसल्या आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून म्हणाल्या, "ह्ये बघ, माजं हात हितं हायती." बाकीची पोरं पाण्यात थयथय नाचत होती, मावशींचं लुगडं भिजत होतं, पण त्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मला रडू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. त्या दिवशी सगळ्यांना गूळ मिळाला, घरात बारसं असावं तसा.

पुढं वडिलांनी बार्शीची गिरणी धरली. निघताना मी मावशींचा पदर धरून रस्त्यात लोळण घेतली. आई लाजेनं अर्धमेली झाली. मावशी मात्र खूश. "आता घोर न्हाय," म्हणाल्या. घोर होताच, वडील बार्शीतही तेच होते. पण तिथं मी ओरडत शेजारणीकडे पळायचे, आणि ती दार उघडायची.

मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. फडताळातलं काही काढताना आजही माझ्या तोंडून निघतंच, "हात वर करते हं." नातवंडं हसतात, आजीचं काहीतरीच म्हणतात. मी असं का सांगते, ते त्यांना कळत नाही. कळूच नये.