साडीवर बूट

नेपरव्हिल (शिकागोजवळ), रविवार, १२ जानेवारी १९९७. सकाळी दुकानात गेलो, दुपारी परत आलो.

ई-मेल गटातल्या मंडळींनो, आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या अमोलची आई नागपूरहून आल्या आहेत. त्यांना बाहेर बर्फात चालण्यासाठी बूट घ्यायचे होते, म्हणून त्याने मला सोबत नेलं. मी सांगितलं, अर्धा नंबर मोठा घ्या, आत लोकरी मोजे मावले पाहिजेत, आणि तळाला खोल खाचा हव्यात.

त्यांनी साडीखाली बूट घालून पाहिले आणि हसू लागल्या. "अहो भाऊ, मी काय मिलिटरीत चालले? माझ्या चपलाच बऱ्या. मोजे घालीन की!"

"काका, आता तुम्हीच सांगा हिला," अमोल म्हणाला.

माझी आईही असंच म्हणाली होती आणि मी हट्ट धरला नाही. गेल्या हिवाळ्यात ती चपला घालून निघाली, दारातच बर्फावर घसरली आणि हॉस्पिटलमधून परत आली नाही. अमोलला हे माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं आणि एवढंच म्हणालो, "इथे थंडी फार असते हो."

बूट न घेताच आम्ही परतलो.

तुमच्यापैकी कुणी आईला बूट घालायला लावलेत का? काय बोललात?

घरी येऊन मी पायऱ्यांवरचा बर्फ काढला, पुन्हा गोठू नये म्हणून मीठ टाकलं आणि दार लावून घेतलं.